तुम्ही विचारलंत म्हणून: न बदलणाऱ्या कॉलच्या चाचण्या

मी लातूरहून काय काम करतो हे सांगून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लिनक्स या कार्यप्रणालीचे सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे (प्रणालीच्या गाभ्याकडे) करायच्या विनंत्या, बदलत नाहीत, चालता प्रोग्राम कर्नलने मोडायचा नाही हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडकच आहे, मग त्या कॉलच्या स्वयंचलित चाचण्या रोज कशाला दुरुस्त कराव्या लागतात? सहकारी विचारतात, वरिष्ठ विचारतात, नांदेडला शिकणारा भाचाही विचारतो.

कॉल तोच राहतो, भोवतालचे बदलते. फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ कॉलला थेट क्रमांकाने बोलावणारी चाचणी 64-बिट आर्म प्रोसेसरवर बांधलीच जात नाही, कारण तिथे ‘ओपन’ नाहीच, त्याच्या जागी ‘ओपनअ‍ॅट’ आहे. परवानगी नाकारली जाते का, हे पाहणारी चाचणी कोणी रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवली की कॉल यशस्वी होतो आणि चाचणी पडते. 32-बिट यंत्रांतला वेळेचा आकडा 2038 मध्ये भरून संपतो, त्या अडचणीमुळे 2019 मध्ये कर्नल 5.1 ने 32-बिट यंत्रांना वेळेचे नवे कॉल दिले, तेव्हा वेळेच्या चाचण्या पुन्हा लिहाव्या लागल्या. एवढे उत्तर मी अनेक वर्षे देत आलो. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

मी तेव्हा जिथे काम करत होतो, तिथे दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रे बनत. आमची एक चाचणी फाइलमध्ये लिहून ‘एफसिंक’ (लिहिलेले डिस्कवर पोहोचवण्याचा कॉल) करी आणि मजकूर परत वाचून पाही. शेकडो फेऱ्यांत एखाद्या वेळी ती ‘ईआयओ’ (वाचण्या-लिहिण्यातली चूक) देऊन पडे. यंत्राची तार सैल असेल, असे समजून मी तिला एफसिंकचा तीनदा प्रयत्न करायला लावले. दुसऱ्या प्रयत्नात ती नेहमी उत्तीर्ण होई आणि मला समाधान वाटे. वास्तविक कर्नल लिहिण्यातली चूक त्या फाइलवर एकदाच कळवतो. त्यानंतर ईएक्सटी4 या फाइल-व्यवस्थेवर त्या मजकुराची पाने (तुकडे) मेमरीत ‘लिहून झालेली’ म्हणून राहतात, म्हणून दुसरा एफसिंक यश सांगतो आणि वाचलेला मजकूरही जुळतो, कारण तो डिस्कवरून नव्हे, मेमरीतून येतो. दोष आमच्याच ड्रायव्हरमध्ये (डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये) होता आणि माझ्या दुरुस्तीने तो झाकला गेला.

पुढे अंबाजोगाईकडच्या एका केंद्रावर सकाळच्या पाळीत वीज गेली आणि लिटर-फॅटच्या 31 नोंदी नाहीशा झाल्या. बहुतेकांच्या चिठ्ठ्या होत्या. एका बाईंची हरवली होती. त्या म्हणाल्या, “मशीननं चिठ्ठी दिली, म्हणून मी निघून गेले ओ. आता माझं दूध कुणी मोजायचं?” मी समोर उभा होतो आणि एफसिंकचा अर्थ त्यांना सांगण्यात काही हशील नव्हते.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: मध्येच सिग्नल (प्रोग्रामला थांबवणारी सूचना) आल्यामुळे वाचण्याचा ‘रीड’ कॉल अर्धवट सुटला तर पुन्हा प्रयत्न करणेच योग्य नव्हे का, आणि गर्दीच्या यंत्रावर झोपेचा कॉल थोडा उशिरा उठला तर त्यात दोष कसला? दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. पण मी तेव्हा कारण शोधलेच नव्हते, नुसता निकाल हिरवा केला होता.

आज माझ्या संग्रहात पुन्हा प्रयत्न करणाऱ्या 11 चाचण्या आहेत. त्यांतल्या चार वेळेच्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मी निश्चिंत आहे. उरलेल्या सातांपैकी एक आजही उघडून बसलो आहे. ती का पडते, हे अजून सापडलेले नाही.