गावठी

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला ‘गावठी’ म्हटलं की भाव चढतो. गावठी अंडी चार पैसे जास्त मोजून घ्यायची, गावठी कोंबडीचं नाव निघालं की लोक गाडी काढून पानशेतच्या रस्त्याला लागतात, आणि गावठी तुपाची बरणी घरात आली की ती पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही अशी ठेवायची. हा शब्द लागला की किंमत उतरते अशी एकच गोष्ट मला ठाऊक आहे. ती आत्ता आमच्या दिवाणाखाली बसून माझी डावी चप्पल चावते आहे. उजवी श्रावणातच संपली.

आषाढात लेकीने तिला आणलं. सिंहगड रोडला एका बांधकामावर सिमेंटच्या पाइपात कुत्र्याची चार पिल्लं सापडली होती. दोन पार्वोने, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराने, गेली. एक तपकिरी नर होता, त्याचा फोटो टाकल्यावर चौथ्या दिवशी त्याला घर मिळालं. उरलं हे. काळं, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि मादी. “आई, फक्त दोन आठवडे. फोस्टर. आपण ठेवायचं नाहीये, नुसतं सांभाळायचं,” एवढं सांगून लेक कॉलेज सुरू झालं म्हणून होस्टेलवर निघून गेली. आता गणपती येऊन गेले, पक्षपंधरवडा लागला. दोन आठवड्यांचा हिशेब मी सोडून दिला आहे.

सुरुवातीला मी सावध होते. पहिले आठ-दहा दिवस ते ‘पिल्लू’ होतं. ते खात नाहीये, ते रडतंय, त्याने पायपुसणं फाडलं. मराठीत ही मोठी सोय आहे. नपुंसकलिंगात माया बेताची राहते, उद्या द्यायचं झालं तर हात लवकर सुटतो. मग एका रात्री आभाळ असं काही गडगडलं की पिल्लू येऊन माझ्या साडीच्या निऱ्यांत शिरलं. मी नवऱ्याला म्हणाले, “दिवा लाव, ती घाबरलीय.” त्याने विचारलं, “कोण ती?” दिवा लागल्यावर त्याला कळलं, आणि मलाही.

सासूबाई मात्र व्याकरणाच्या पक्क्या. “ते कधी जाणार आहे?” हा त्यांचा प्रश्न रोज सकाळी, चहाच्या आधी. मी एकदा देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हटलं, “आई, बघा ना, चारही कुत्री आपल्या इथल्यासारखीच आहेत. एक तरी लॅब्राडोर आहे का?” त्यांनी चष्मा सारखा करून तसबीर नीट पाहिली. म्हणाल्या, “ते वेद आहेत. वेद चपला खात नाहीत.”

यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

लसी पूर्ण होईपर्यंत तिला बाहेर जमिनीवर टेकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. त्यामुळे सेव्हन-इन-वनची सगळी इंजेक्शनं आणि रेबीजची लस होईपर्यंत जग म्हणजे आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीच्या गजांतून दिसेल तेवढंच. दूधवाला, शाळेची बस, समोरच्या इमारतीत वाळणारे परकर. परकरांवर तिचा विशेष राग. ज्या दिवशी तिला पहिल्यांदा खाली नेलं त्या दिवशी ती पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसती उभी राहिली. मी म्हटलं, चल. ती वास घेत होती. एवढे सगळे वास एकदम वाचायला वेळ लागणारच.

खरी कटकट म्हणजे जाहिरात. लेकीच्या ग्रुपवर तिचं नाव ‘ऑलिव्ह’ आहे. पिल्लाला इंग्रजी नाव दिलं की घर लवकर मिळतं, असा त्या मुलांचा अनुभव. आमच्या घरात पिझ्झ्यावरून बाजूला काढून ठेवण्यापलीकडे ऑलिव्हशी कुणाचा संबंध आलेला नाही. मी तिला ‘अगं बाई’ म्हणते, नवरा ‘मॅडम’ म्हणतो. फ्रीजचं दार हे तिचं खरं नाव. ते वाजलं की ती कुठूनही येते.

तर जाहिरात अशी: ‘ऑलिव्ह, ४ महिने, फीमेल, इंडी, लसीकरण पूर्ण, मुलांमध्ये मिसळते.’ यातला ‘फीमेल’ मी बदलून बघितला. पण ‘कुत्री’ हा शब्द जाहिरातीत लिहवत नाही. एक तर ते अनेकवचन वाटतं, नाहीतर भांडण. आणि ‘इंडी’, म्हणजे ‘इंडियन’चं छोटं रूप, लिहिताना दर वेळी वाटतं, आपण भेसळ लपवणाऱ्या दुकानदारासारखं वागतोय. इंग्रजांनी या कुत्र्यांना ‘परिया डॉग’ म्हटलं. शब्द तमिळ ‘परैयर’वरून आलेला, परै म्हणजे ढोल वाजवणाऱ्या जातीचं ते नाव. कुत्र्यालाही जात चिकटवूनच सोडली. २०२३ च्या सरकारी नियमांत ‘कम्युनिटी अ‍ॅनिमल’ आहे, म्हणजे वस्तीत जन्मलेला, कुणी मालकी न सांगितलेला प्राणी. या सगळ्यांपेक्षा मला आपला ‘गावठी’च बरा वाटतो. त्यात निदान एक गाव आहे.

माझं गाव वाई. तिथे आजोबांकडे मोत्या होता. त्याला कुणी आणलं नव्हतं. तो एका दुपारी पडवीत येऊन झोपला आणि बारा वर्षं तिथेच झोपला. अर्ज नाही, फोटो नाही. आता मात्र फॉर्म आहे. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी, खिडक्यांच्या ग्रिलचे फोटो, नसबंदी करून घेण्याची हमी, गावाला जाताना कुत्रं कुणाकडे ठेवणार याचं उत्तर. हे सगळं तपासणारी ग्रुपमधली मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. साताऱ्याकडच्या माणसाला दत्तक म्हटलं की १८४८ आठवतं; डलहौसीने दत्तक नामंजूर केलं आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. ही मुलगी त्याच्याहून कडक आहे. एका गृहस्थांना फार्महाऊसवर राखणीला कुत्रं हवं होतं, स्वतः फक्त शनिवार-रविवारी जाणार. नामंजूर. एक आई मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून न्यायला तयार होत्या, आणि नाही आवडलं तर परत करता येईल ना, असं विचारत होत्या. नामंजूर. मी फोनवर हे ऐकून वरवर हळहळते.

तिसऱ्या गृहस्थांनी मात्र आपणहून माघार घेतली. त्यांचा फोन थेट मला आला. आवाज फार आनंदी. “काळीच आहे ना? आम्हाला काळंच हवंय. ज्योतिषांनी सांगितलंय.” इतके दिवस काळी म्हणून नको म्हणणारे ऐकले होते, आता काळी म्हणून हवी म्हणणारा भेटला. मी आनंदाने सांगितलं, हो, काळीभोर, फक्त छातीवर एक पांढरा ठिपका. पलीकडे शांतता. मग त्यांनी विचारलं, “ठिपका मोठा आहे का?” मी म्हटलं, रुपयाएवढा. “मग नाही चालणार हो. पूर्ण काळी पाहिजे.” फोन ठेवल्यावर मी तो ठिपका बोटाने चोळून पाहिला. ती पोट वर करून झोपली होती, झोपेत एक पाय हलवत होती.

परवा केर काढताना सुपलीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी दिसलं. दात. दुधाचे अठ्ठावीस पडून पुढे बेचाळीस यायचेत, त्यातली ही सुरुवात. वाईला आम्ही पडलेला दात कौलांवर फेकायचो. इथे कौलं कुठली? सेफ्टी पिनांच्या डबीत ठेवलाय. पुढच्या घरी देताना लसींच्या पुस्तकाबरोबर तो द्यायचा की नाही, ते ठरत नाही.

काल सासऱ्यांची तिथ होती. कावळ्याचं, गाईचं पान निघालं. कुत्र्याचा घास सासूबाई दरवर्षी वॉचमनच्या हातात देऊन खाली पाठवतात. काल वॉचमनला हाक गेली नाही. दुपारी पाहिलं तर दिवाणाच्या पायाशी चाटूनपुसून लख्ख केलेला द्रोण, आणि मिशीला खीर.

संध्याकाळी ग्रुपमधून फोन आला. बाणेरचं एक जोडपं आहे, दोघंही घरून काम करतात, ग्रिलचे फोटो उत्तम, आधीचं कुत्रं चौदा वर्षं सांभाळलेलं. डलहौसीबाईंना नाव ठेवायला जागा सापडली नव्हती. रविवारी बघायला येतील.

सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांना सांगितलं, म्हटलं, रविवारी अकराला येतायत, पोहे करू का?

“या रविवारी?” त्यांनी जुडी खाली ठेवली. “पक्षात कुणी मुलगी दाखवतं का? घट बसल्यावर या म्हणावं. तोवर तिचे पुढचे दातही येतील.”