पायरीखालचं शेवाळ

आज अख्खा दिवस स्विमिंग पूल घासण्यात गेला. तीन आठवडे क्लोरीन टाकतोय, तरी पायरीखाली हिरवा थर पुन्हा येतोच. आज आधी पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली, ते सांगणारा आकडा) मोजला, तर ८.२! एवढ्या पीएचला क्लोरीनचा जोर फारच कमी पडतो, म्हणजे इतके दिवस सगळं पाण्यातच गेलं. ॲसिड थोडं थोडं घालून ७.४ वर आणला. मग ब्रश. थर हाताला बुळबुळीत लागत होता, घासला की पाण्यात हिरवा धूर उठल्यासारखा पसरायचा. घासण्याला पर्याय नाही, थर फुटल्याशिवाय क्लोरीन आत पोचतच नाही. शॉक डोस, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन, मुद्दाम अंधार पडल्यावर दिला, कारण उन्हात क्लोरीन झपाट्याने उडून जातं. फिल्टर रात्रभर चालू ठेवलाय. मुलं कधी उतरायचं विचारतायत. क्लोरीन खाली येईपर्यंत अजिबात नाही. सकाळी उठल्याउठल्या आधी पायरीखालचा तो कोपराच बघणार आहे.