हे बटण थांबतच नाही

नवा डिजिटल रेडिओ आज हातात आला. जुन्याचं बटण एफएमच्या टोकाला, ८७.५च्या आसपास, अडायचं. तिथून खरखर ऐकत स्टेशन गाठायचं. याचं बटण नुसतं गरागरा फिरतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर कितीतरी स्टेशनं, नावं सगळी पडद्यावर. आणि मला दिसत नाही, पडदा माझ्यासाठी नुसती गुळगुळीत काच! सिग्नल गेला की बुडबुडल्यासारखा आवाज, मग एकदम गप्प. बिघडला की काय, तेही कळेना. मेनूत चाचपडताना मी भाषाच बदलून बसलो होतो, हे भाचीनं सांगितलं तेव्हा समजलं. तिच्याकडून ४ प्रीसेट, म्हणजे एका बटणावर एक ठरलेलं स्टेशन, भरून घेतले, पहिल्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब. "मामा, वाळेपर्यंत हात लावू नकोस." लावलाच.