आमची वाटचाल : आठ दिवसांनी परत येणारी एअर

किल्लारीचा भूकंप झाला त्या साली, 1993 ला, अण्णांनी बीडमध्ये पत्र्याचं शेड टाकलं. एक जॅक, पान्यांचे दोन डबे आणि उधारीची वही. येणाऱ्या गाड्यांत निम्म्या महिंद्राच्या जीप. मी शाळेतून आलो की चाकं खोलून द्यायचो.

पुढं नव्या गाड्या आल्या, त्यांचे मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागले आणि आमच्याकडं राहिल्या त्या जीप, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर. 2014 ला अ‍ॅम्बेसेडरही बंद झाली. धंदा आता बसणार असं वाटत होतं. पण आजोबांची गाडी म्हणून हौसेनं सांभाळणारे हळूहळू यायला लागले.

त्यातलेच एक गेवराईकडचे मालक. त्यांची सीजे थ्री बी, म्हणजे महिंद्राची जुनी जीप, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पाइपातून चाकांकडं ढकलतो तो मास्टर सिलिंडर; या जीपचा तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसला असतो. मी त्यात नवं रिपेअर किट टाकलं, एअर म्हणजे पाइपात अडकलेली हवा काढली, गाडी दिली. आठ दिवसांत पेडल परत मऊ. परत एअर काढली, परत तेच. तिसऱ्यांदा मांजरसुंब्याच्या घाटातून फोन आला, "कामून हो, ब्रेक मारतोय का भाता फुंकतोय मी?"

लाज वाटली. गाडी उभी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पेडल खाली जातं पण दोनदा मारल्यावर वर येऊन कडक होतं, तर ड्रमला घासणाऱ्या लायनरची गॅप वाढलेली. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं, तर मास्टरचा रबरी कप गेलेला. इथं पेडल स्पंजासारखं, म्हणजे एअरच. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. हवा जिथून काढतात ते चाकांवरचे निप्पल बघितले. डावा-उजवा व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला ऑइलचा सिलिंडर, अदलाबदल झाला की निप्पल खाली जातो आणि हवा वरच अडकते. ते बरोबर होते. मागच्या अ‍ॅक्सलचा होज, म्हणजे रबरी नळी, हलक्या हातानं क्लॅम्पनं दाबून बंद केला, तर पेडल दगड. हवा मागं होती. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर माझ्या खर्चानं नवे टाकले. आठ दिवसांनी पुन्हा स्पंज! गळती म्हणाल तर थेंबभर नाही.

अण्णा तोवर काम सोडून बाजेवर बसून असायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "मास्टरच्या तोंडातली झडप कुठंय रे?"

झडप मी टाकून दिली होती. नव्या किटात ती नव्हती, म्हणून मला वाटलं, जुन्या काळचं काहीतरी जास्तीचं असंल.

ड्रम ब्रेकच्या पाइपात ही झडप थोडं प्रेशर कायम धरून ठेवते, म्हणून व्हील सिलिंडरच्या कपाची कड भिंतीला चिकटून राहते. झडप नसली की पाय झटकन काढल्यावर पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि कपाच्या कडेनं हवा आत शिरते. ब्रेक दाबला की तोच कप घट्ट बसतो, म्हणून ऑइल बाहेर येत नाही. मी गळती शोधत बसलो आणि गाडी नुसती हवा ओढत होती.

छत्रपती संभाजीनगरहून झडप आणली. मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून एअर काढली, पारदर्शक नळीचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवून, बुडबुडा थांबेपर्यंत. या वेळी पैसे घेतले नाहीत. तो महिना तोट्यातच गेला.

घाटात ब्रेक गेला आणि खाली येऊन गाडी थंड झाल्यावर आपोआप आला, अशी तक्रार असली तर मात्र मी आधी ऑइल बदलतो. डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशाला उकळतं, हवेतलं पाणी शोषलेलं 140 लाच. वाफही हवेसारखीच दबते. म्हणून ऑइल सीलबंद डब्यातलंच. उघडा राहिलेला डबा, अर्धा भरलेला असला तरी, आम्ही वापरत नाही.

आता ब्रेकची गाडी आमच्याकडं रात्रभर मुक्कामाला राहते. काढलेला प्रत्येक भाग, गाडी घाट उतरून येईपर्यंत, मालकाच्या नावाच्या ट्रेमध्ये. गेवराईच्या मालकांनी परवा त्यांच्या मेव्हण्याची पद्मिनी आणून सोडली. ती सध्या स्टँडवर आहे, मागचे ड्रम खोललेत, आणि पहिला ट्रे अण्णांनी स्वतः बाजेखाली ओढून घेतलाय.