एरर पाथमधली गळती

आज पुन्हा ड्रायव्हरमधले एरर पाथ, म्हणजे एखादी पायरी फसल्यावर कोड ज्या वाटेने बाहेर पडतो त्या वाटा, वाचायला घेतले. लिनक्स कर्नेलमधली मेमरी लीक (घेतलेली मेमरी सोडायची राहून जाणं) शोधायची तर आधी तिथेच बघावं. मुख्य वाट सतत चालते, तिथली गळती फार दिवस लपत नाही. पण प्रोब फंक्शनची (ड्रायव्हर डिव्हाइसशी जोडला जाताना चालतं ते) चौथी पायरी फसली तर काय, हे बहुतेक मशीनवर कधी घडतच नाही.

साधा प्रकार ओळखीचा: केमॅलॉकने मेमरी घेतली, पुढे आयआरक्यू (इंटरप्ट लाइन) मिळाला नाही आणि कोड थेट रिटर्न झाला. उपाय: गोटूने फंक्शनच्या शेवटी असलेल्या सफाईच्या लेबलवर जायचं, घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडायचं. लेबलला तिथे जे सुटतं त्याचं नाव द्यावं. एरर१, एरर२ अशी लेबलं मध्ये एखादी पायरी वाढली की गंडतात.

खरी मेख रेफरन्स काउंटमध्ये (ऑब्जेक्ट किती जण धरून आहेत त्याची मोजणी) आहे. डिव्हाइस_रजिस्टर फसलं तरी आत डिव्हाइस_इनिशिअलाइझ होऊन गेलेलं असतं, काउंट एक झालेला असतो. तिथे नुसतं केफ्री (केमॅलॉकने घेतलेलं सोडणारं) केलं तर स्ट्रक्चर सुटतं, पण डेव्ह_सेट_नेमने नावासाठी घेतलेली मेमरी तशीच राहते. काउंट कमी करणारं पुट_डिव्हाइसच हवं, काउंट शून्य झाला की बाकीचं रिलीज कॉलबॅक बघतो. मात्र जुनं केफ्री खाली राहिलं तर डबल फ्री (तीच मेमरी दोनदा सोडणं), आणि ते लीकपेक्षा कितीतरी वाईट. (असे दुरुस्तीचे पॅच दिसायला निरुपद्रवी असतात, म्हणून जास्त बारकाईने वाचावे लागतात.) डिव्हाइस जागं करणारं पीएम_रनटाइम_गेट_सिंकही तसंच: एरर देतं, तरी काउंट वाढवून ठेवतं. त्याऐवजी पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट वापरलेलं बरं.

घेतलेलं आपोआप सोडणारी डेव्हएम_ फंक्शनं प्रोबपुरती उत्तम. डिव्हाइसची फाइल उघडताना चालणाऱ्या ओपनमध्ये मात्र नकोत. तिथे घेतलेली मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटेपर्यंत अडकून राहते.

तपासणीसाठी केमेमलीक, कर्नेलमधलाच लीक शोधक. डीबगएफएस या डीबगिंगच्या फाइलसिस्टममधल्या त्याच्या फाइलीत आधी ‘क्लिअर’ लिहायचं, कोड चालवायचा, मग ‘स्कॅन’. काही सेकंदांनी पुन्हा स्कॅन करावं, कारण अगदी ताजी ऑब्जेक्ट तो दाखवत नाही. त्याने दिलेला बॅकट्रेस (फंक्शन कॉलची साखळी) मेमरी कुठे घेतली ते सांगतो. कुठे सोडायची राहिली ते आपणच शोधायचं.

एरर पाथ मुद्दाम चालवायला फेलस्लॅब आहे, तो मेमरीची मागणी जाणूनबुजून फसवतो. त्यातलं ‘इग्नोर-जीएफपी-वेट’ मुळात चालू असतं, त्यामुळे जीएफपी_कर्नेलची (थांबून वाट बघू शकणारी, नेहमीची) मागणी कधीच फसत नाही आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. ते ‘एन’ करायचं. मग थ्रेडच्या ‘फेल-एनथ’ फाइलीत 1, 2, 3 असे आकडे लिहीत जायचं, दर वेळी त्या क्रमांकाची मागणी फसते. कॉलनंतर फाइल वाचून शून्य आलं तर मागणी फसवली गेली. शून्याहून मोठा आकडा आला की फसवण्याजोग्या मागण्या संपल्या.