मधल्या तळ्यातलं घरटं

रविवार, मे महिना. सकाळी सहालाच निघाले, नंतर ऊन बसू देत नाही.

आज परत गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर. निफाडकडे पाहुणे आले की आधी नांदूरमध्यमेश्वरला न्या म्हणतात, बरोबरच आहे, २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण, थंडीत तिथे बदकांचे थवेच्या थवे असतात. पण एकच पक्षी तासभर निवांत बघायचा तर मला आमची ही तीन हिरवी तळीच लागतात.

वास येतो, खरंय. दहा मिनिटांनी नाक सरावतं. पाणी हिरवं ते शेवाळामुळे, शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि त्याच्या जोरावर जिवाणू घाण संपवतात, मोटर नाही काही नाही. गाळात लाल अळ्या वळवळतात आणि त्यांच्या मागे शेकाटे येतात, उंच पायांचे पाणपक्षी.

मधल्या तळ्यात गाळ सुकून छोटं बेट झालंय, त्यावर चार अंडी, मातकट, काळे ठिपके, दुर्बीण नसती तर ढेकळंच समजले असते. नर-मादी आलटून पालटून बसतात. नऊनंतर ऊन चटकायला लागलं तशी मादी उठली, पाण्यात गेली, ते लांबलचक गुलाबी पाय दुमडून पोट बुचकळलं, दोनदा, तीनदा, आणि तशीच निथळत येऊन अंड्यांवर बसली. अंडी गार ठेवायला! मी श्वास रोखून बघत होते.

मागच्या वर्षी याच दिवसांत गाळ काढायला जेसीबी आला आणि दोन घरटी गेली. पावसाआधी गाळ काढावा लागतो, कळतं मला, पण ती जोडी संध्याकाळपर्यंत ओरडत घिरट्या घालत होती ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून आज तिथल्या भाऊंना गाठलंच. म्हटलं, भाऊ, मधलं तळं शेवटी घ्या ना, पिल्लं निघायला तीनेक आठवडेच लागतात. ते म्हणाले, "ताई, मशीनवाल्याला कसं कळायचं? जागा दाखवून ठेवा." मग दोघांनी बांधावर, घरट्यापासून चांगलं लांब, तुरीच्या चार काठ्या रोवल्या आणि कांद्याच्या गोणीची लाल जाळी फाडून बांधली. तेवढा वेळ दोन्ही शेकाटे डोक्यावर किक-किक करत होते, मला तर कधी एकदा लांब जाते असं झालेलं.

रस्त्यावर येऊन दुर्बीण लावली. मादी परत बसली होती, पोट ओलंच.