डबा बाहेर ठेवायची रात्र

सोमवार, रात्री पावणेबारा

दुपारची शिफ्ट संपवून आले तर मंदार झोपलेला. ओट्यावर खिचडी झाकून ठेवली होती. गरम करायचा कंटाळा आला, तशीच लोणच्याबरोबर खाल्ली. बाहेर चार अंश आहे आणि माझी बोटं अजून आखडलेलीच आहेत.

आज नऊ नंबरच्या खोलीतल्या आजींनी अर्धा तास अडकवून ठेवलं. इथे ऑस्ट्रेलियात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईलासुद्धा नावाने हाक मारायची पद्धत आहे. वृद्धाश्रमात कामाला लागून सात वर्षं झाली, तोंडाने मी नाव घेते, पण मनात आणि या वहीत त्या आजीच. सात वाजता त्यांच्या पायाला क्रीम लावत होते. टीव्हीवर ‘होम अँड अवे’ ही इथली मालिका लागली होती. समुद्र, ऊन, पोहायच्या कपड्यांतली तरणीताठी पोरं, आणि मध्येच म्हातारा आल्फ स्टुअर्ट. १९८८ च्या पहिल्या भागापासून हा नट त्याच भूमिकेत आहे. तेवढ्यात कोणाला तरी स्ट्रेचरवरून नेलं. मी म्हटलं, "अरेरे."

आजी म्हणाल्या, "यांच्यात आता दर दोन महिन्यांनी कोणीतरी मरतं. आमच्या वेळी एकच मेली होती."

"कोण?"

"मॉली."

घरातलं कोणी गेल्यासारखं नाव घेतलं त्यांनी. मी क्षणभर त्यांच्या बहिणीबद्दल समजले. मग कळलं, ‘अ कंट्री प्रॅक्टिस’मधली मॉली. १९८१ ते ९४ चाललेली मालिका. वॉन्डिन व्हॅली नावाचं काल्पनिक खेडं, तिथला दवाखाना, डॉक्टर, जनावरांचा डॉक्टर, फॅट्सो नावाचा एक वॉम्बॅट, म्हणजे बिळात राहणारा इथला गुबगुबीत प्राणी. मॉली ही त्या खेड्यातली जरा वेगळ्याच तऱ्हेची, रंगीबेरंगी कपडे घालणारी शेतकरीण. ॲन टेनी या नटीला मालिका सोडायची होती, म्हणून लेखकांनी मॉलीला रक्ताचा कर्करोग दिला. आणि एका भागात उरकलं नाही. आठवडेच्या आठवडे ती लोकांच्या दिवाणखान्यात हळूहळू आजारी होत गेली. १९८५ साली गेली.

"माझा नवरा," आजी म्हणाल्या, "स्वतःच्या बापाच्या दफनालासुद्धा रडला नव्हता. मॉली गेली तेव्हा तो उठला, म्हणाला, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून येतो. अर्धा तास आला नाही." मग थांबून, माझ्याकडे न बघता, "डबा ठेवायची रात्र नव्हतीच ती."

इथे आठवड्यातली एक रात्र त्यासाठी ठरलेली असते.

हँडओव्हरला उशीर झाला. बोलणी खाल्ली.

बुधवार, सुट्टी

दिवसभर पाऊस. कपडे वाळत नाहीत, हीटरसमोर खुर्च्यांवर टाकलेत.

सोमवारपासून डोक्यात तेच आहे. खरं तर इथल्या मालिकांशी माझं नातं मॉलीचं नाही, ‘नेबर्स’चं. २०१२ मध्ये आले तेव्हा इंग्रजी कानावर पडावं म्हणून रोज संध्याकाळी लावायचे. आणि गंमत म्हणजे तेव्हा त्यातल्या रॅम्झी स्ट्रीट या गल्लीत चक्क एक भारतीय कुटुंब राहत होतं. कपूर! अजय, प्रिया आणि त्यांची मुलगी रानी. प्रिया शाळेची मुख्याध्यापिका. मी आईला फोन करून सांगितलं, आपली माणसं आली गं टीव्हीवर. आई म्हणाली, "कपूर म्हणजे आपली कशी?" पण परदेशात पहिल्या वर्षी कपूरसुद्धा आपले वाटतात. २०१३ मध्ये टोडी आणि सोन्या या गल्लीतल्या जोडीच्या लग्नाच्या मांडवात स्फोट झाला आणि त्यात प्रिया गेली. पुढे बापलेकही गल्लीतून गेले. मला त्या दिवशी आला तो राग होता. इतक्या वर्षांत एक घर आलं होतं, आणि मांडवात मारायला तीच सापडली?

त्या मालिकेतून बाहेर पडायचे मुळात दोनच रस्ते होते. नटाचा करार संपला, की पात्र ब्रिस्बेनला जायचं किंवा वर जायचं. स्कॉट आणि शार्लीन हे नवरा-बायको ब्रिस्बेनला गेले. डॅफ्नी १९८८ साली अपघातानंतर कोमात गेली, डोळे उघडून नवऱ्यावर प्रेम असल्याचं सांगितलं आणि गेली. त्या गल्लीतलं ते पहिलं मोठं मरण. जिम रॉबिन्सन १९९३ मध्ये स्वयंपाकघरात एकटाच असताना हृदयविकाराने कोसळला, आणि संत्री जमिनीवर घरंगळत गेली. हेलन आजी १९९७ मध्ये नातवाच्या, म्हणजे त्याच स्कॉटच्या लग्नाची टेप बघून झाल्यावर सोफ्यावर शांतपणे गेल्या. घरात माणसं होती, बोलत होती. मला यातली संत्री सगळ्यांत खरी वाटतात. कोणी मेलं की घरातल्या वस्तूंना ते कळत नाही, त्या आपलं चालूच ठेवतात. आमच्याकडे बारा नंबरचे आजोबा गेले तेव्हा त्यांचा दाढीचा रेझर चार्जिंगला लावलेला होता, हिरवा दिवा लुकलुकत होता.

पण या सगळ्यांत कडी केली ती बिचाऱ्या हॅरल्ड बिशपने. चष्मेवाला, जाडजूड, टूबा नावाचं भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा, देवभोळा हॅरल्ड. रॅम्झी स्ट्रीटचा राजा हरिश्चंद्र. लेक केरी १९९० मध्ये बदकांच्या शिकारीविरुद्ध आंदोलनाला गेली आणि शिकाऱ्याची गोळी लागून गेली, तीही गरोदर असताना. पुढच्या वर्षी हा स्वतः किनाऱ्यावरच्या खडकांवरून समुद्रात वाहून गेला, मागे फक्त चष्मा. पाच वर्षांनी सापडला तर स्मृती गेलेली, आणि नाव टेड! कसाबसा पुन्हा हॅरल्ड झाला, तर २००१ मध्ये बायको मॅज स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्याच्या मिठीत गेली. २००५ मध्ये मालिकेला वीस वर्षं झाली म्हणून सोहळा काय, तर विमान समुद्रावर पाडलं, आणि त्यात ह्याचा मुलगा, सून आणि नात.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिच्याकडे दुपारचे दोन, कालच्या भागाचं पुनःप्रक्षेपण सुरू, आवाज बंद करून माझ्याशी बोलत होती.

"मग तो बाबा करतो काय नंतर?"

"कॉफीच्या दुकानात बसतो, शेजाऱ्यांना उपदेश करतो."

"वाजवतो का अजून ते?"

"हो."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "चष्मा गेला म्हणजे दृष्टी गेली नव्हती म्हणायची." आणि परत आवाज सुरू केला.

मेलेली माणसं परत येणं हा फक्त आपल्याच मालिकांचा रोग आहे असं मला वाटायचं. छे. टोडीची आधीची बायको डी, २००३ मध्ये लग्नाच्याच दिवशी गाडीसकट कड्यावरून समुद्रात गेलेली. मग २०१७ मध्ये हुबेहूब तशी दिसणारी एक भामटी आली, आणि त्यानंतर खरी डीसुद्धा जिवंत निघाली. ‘होम अँड अवे’तल्या आल्फची बुडून मेलेली पहिली बायको २०१८ मध्ये सुखरूप हजर. इथला समुद्र माणसं घेतो आणि उधारीसारखी परत करतो. फरक एवढाच, की आपल्याकडे असं कोणी परत आलं की वीज कडाडते आणि कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीनदा जातो. इथे ती दारात उभी राहते आणि आतून कोणीतरी चहाचा कप घेऊन येतं.

आणखी एक. भाग फारच काळा असला, आत्महत्या किंवा घरातली मारहाण वगैरे, की शेवटी पडद्यावर लाइफलाइन या मदतवाहिनीचा नंबर येतो, १३ ११ १४. सुरुवातीला मला हे हास्यास्पद वाटायचं. आधी रडवायचं, मग रडण्यासाठी फोन नंबर द्यायचा. आता वाटत नाही. रात्रपाळीला एकटीच जागी असलेली माणसं मी पाहिली आहेत.

मंदारला सिडनीतल्या एका इमारतीची जुनी मालिका ‘नंबर ९६’ सांगितली, ती मला कामावरच्या एकीने सांगितलेली. मालिकेचे प्रेक्षक घटले म्हणून १९७५ मध्ये इमारतीत बॉम्ब फोडून काही पात्रं एका रात्रीत साफ केली. तो म्हणाला, "आमच्या ऑफिसात हे ईमेलने करतात."

शनिवार, रात्री

नातीने आजींना मॉलीच्या भागांची डीव्हीडी आणून दिली. प्लेअर नव्हताच, लाउंजमधला जुना उचलून आणला. आजींनी आपला निळा कार्डिगन घालून घेतला, लिपस्टिक मागितली. मी म्हटलं, कुठे जायचंय का? म्हणाल्या, मॉलीला भेटायचंय.

माझा ब्रेक वीस मिनिटांचा. शेवटचंच बघितलं.

मॉली बाहेर बसली आहे, गुंडाळून घेऊन. समोर नवरा ब्रेंडन आणि छोटी क्लोई पतंग उडवतायत. बाकी काही होत नाही. डॉक्टर नाही, सलाईन नाही, हात धरून कोणी नाही. ती बघते आहे. मग जे ती बघते आहे तेच आपल्याला दिसायला लागतं, ते दोघं आणि पतंग, आणि ते कडेकडेने अंधारत जातं. काळोख. ब्रेंडनचं लक्ष जातं, तो तिचं नाव घेत पळत सुटतो.

मी नोकरीत बऱ्याच जणांच्या उशाशी बसले आहे. तोंड कोरडं पडतं म्हणून ओल्या स्पंजने ओठ पुसायचे, श्वासांमधली अंतरं मोजायची, पाय गार पडले की नातेवाइकांना फोन करायचा. यातलं काही त्या दृश्यात नाही, आणि असं कोणी बसल्या बसल्या जात नाही, निदान आमच्याकडे तरी. धंद्यातली बाई म्हणून मला ते खोटं म्हणता आलं असतं. पण बाजूच्या खुर्चीतून काय दिसतं तेवढंच मला ठाऊक आहे. पलंगावरून काय दिसतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. २०१९ मध्ये ‘नेबर्स’मधली सोन्या बीजाशयाच्या कर्करोगाने समुद्रकिनारी टोडीला टेकून गेली, तेव्हा मी हुंदके देऊन रडले होते, पण मी टोडीसाठी रडले होते. इथे रडायलाच कोणी समोर नव्हतं. मीच बघत होते आणि मलाच दिसेनासं झालं.

पप्पा गेले तेव्हा आईने फोन त्यांच्या समोर धरला होता. मी त्यांना बघत होते. आज पहिल्यांदा मनात आलं, त्यांना त्या फोनमध्ये काय दिसत असेल? युनिफॉर्ममधली मी, मागे आमच्या स्टाफरूमचं फ्रिज.

ब्रेंडन झालेला तो नट आता ‘होम अँड अवे’त जॉन पामर म्हणून असतो, पोटबीट सुटलेला. आजींना ते माहीत होतं. "त्याने दुसरं लग्न करायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग रिमोट माझ्याकडे दिला आणि खिडकीकडे बघत विचारलं, "आज डबा बाहेर ठेवायची रात्र आहे का गं?"

शनिवारी कुठला डबा. आमच्याकडे मंगळवारी असतो, आणि तोही ठेवायला वेगळा माणूस येतो.

"हो," मी म्हटलं. "आलेच ठेवून."

मागच्या दाराने बाहेर गेले आणि डब्यांच्या रांगेपाशी उभी राहिले. ब्रेक संपून सात मिनिटं झाली होती.